बार व्यायाम : दंड, खांदे व पाठ

बॅले नर्तकांच्या सरावासाठी भिंतीला बसवलेल्या आडव्या लाकडी कठड्याला ‘बार’ म्हणतात. त्याच्या आधाराने, छोट्या हालचाली पुष्कळ वेळा करून स्नायू थकवण्याची जी व्यायामपद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली, ती बार व्यायाम. या नोंदीत तिच्यातील कमरेवरच्या भागाच्या व्यायामाचा, म्हणजे दंड, खांदे, छाती व पाठ यांचा विचार केला आहे. गंमत अशी, की या भागासाठी कठड्याचे काम फार थोडे असते. बहुतेक वर्गांत सुरुवातीची काही मिनिटे सगळे जण खोलीच्या मधोमध हलकी डंबेल्स घेऊन उभे राहतात. कठड्याकडे वळायचे ते त्यानंतर, मांड्यांची पाळी आली की.

या पद्धतीच्या जनक लॉटी बर्क (1913–2003) मूळच्या जर्मनीतील कोलोनच्या. वडील ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांना देश सोडून लंडन गाठावे लागले. नर्तकी म्हणून उमेदीची वर्षे गेल्यावर पाठीच्या दुखण्यातून सावरताना त्यांनी बॅलेचा कठड्यावरचा सराव आणि उपचारात्मक व्यायाम यांची सांगड घातली. 1959 मध्ये लंडनच्या मँचेस्टर स्ट्रीटवर एका तळघरात त्यांनी वर्ग सुरू केला. अभिनेत्री जोन कॉलिन्स त्यांच्या शिष्यांपैकी एक. बर्क व्यायामप्रकारांना मुद्दाम चावट नावे देत आणि शिकवताना कुणाचीही भीडभाड ठेवत नसत. त्यांचा भर मात्र पोट, नितंब व मांड्यांवर होता. त्यांच्या अमेरिकन शिष्या लिडिया बाख यांनी 1971 मध्ये ही पद्धत न्यूयॉर्कला नेली. 2001 पासून अमेरिकेत ‘बार मेथड’, ‘प्युअर बार’ यांसारख्या संस्था निघाल्या आणि हलक्या वजनांचा हातांचा भाग जवळपास प्रत्येक वर्गाचा ठरलेला हिस्सा झाला. न्यूयॉर्कमध्ये 2006 साली निघालेल्या ‘फिजिक 57’ या संस्थेचा वर्ग 57 मिनिटांचा असे, पुढे तिने मुंबईत केम्प्स कॉर्नरलाही शाखा काढली.

स्त्रियांनी हातात हलके वजन घेऊन दंड-खांदे कमवावेत ही कल्पना मात्र बरीच जुनी असून तिचा उगम बॅलेत नाही. आपल्या तालमींतील मुद्गल ब्रिटिश लष्करामार्फत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला पोहोचले. डोनल्ड वॉकर यांनी 1836 साली स्त्रियांच्या व्यायामावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांची हलकी, नाजूक आवृत्ती घरंदाज बायकांसाठी सुचवली होती. आजच्या वर्गांतील गुलाबी डंबेलचे कुळ शोधायचे तर ते तिथपर्यंत जाते.

अर्धा ते दोन किलोच्या डंबेलने हात का थरथरतात, हे एका साध्या हिशोबातून कळते. माणसाचा एक हात त्याच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के असतो. 60 किलोच्या स्त्रीचा हात 3 किलोच्या आसपास भरतो. तो खांद्याच्या उंचीला बाजूला सरळ धरला, की त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून अंदाजे 27 सेंटिमीटरवर, कोपराच्या जरा अलीकडे येतो. तळहातातले 1 किलो वजन 60 सेंटिमीटरवर असते. उलट डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा गोलसर स्नायू, व त्याचे साथीदार सांध्यापासून जेमतेम 3 सेंटिमीटरवरून ओढत असतात. गुणाकार केला तर त्यांच्यावर चाळीस-पन्नास किलोंचा ताण येतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भार रिकाम्या हाताचाच असतो. म्हणून वजन खाली ठेवून नुसते हात पसरून उभे राहिले तरी दोन मिनिटांत खांदे भरून येतात. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना नाट्यारंभाच्या स्थितीत कोपर न पाडता हात धरायला लावतात तेव्हा नेमके हेच होते.

व्यायामाचे तंत्र या ताणावरच उभे आहे. प्रथम संथ, मोठ्या हालचाली होतात. मग हात मधल्या उंचीवर थांबवून दोन-तीन सेंटिमीटरच वरखाली करायचे, ज्याला वर्गात ‘पल्स’ म्हणतात. शेवटी हात तसाच स्थिर धरायचा. आकुंचन सतत टिकले की स्नायूतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो, आम्लता वाढते आणि जळजळ सुरू होते. आधी स्नायूतंतूंचे छोटे, चिवट गट कामाला लागलेले असतात. ते थकू लागले की मज्जासंस्था मोठ्या गटांना बोलावते आणि हात थरथरू लागतो. हलक्या वजनाचा उपयोग होतो तो इथे, शेवटच्या त्रासदायक फेऱ्यांत. ‘जळायला लागलं’ म्हणून तिथेच हात खाली ठेवणाऱ्याच्या पदरात फारसे पडत नाही.

नेहमीच्या प्रकारांत कोपर दुमडून बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) व्यायाम, कमरेतून किंचित पुढे वाकून कोपर मागे सरळ करत ट्रायसेप्सचा (दंडाच्या मागच्या स्नायूचा), हात बाजूला उचलून डेल्टॉइडचा आणि पुढे वाकून हात पंखासारखे मागे नेत दोन खवाट्यांमधल्या स्नायूंचा व्यायाम येतो. दंडाचा सर्वांत मोठा स्नायू ट्रायसेप्स, त्यामुळे दंडाचा आकार बदलायचा तर लक्ष त्याच्याकडे हवे. हौशी लोक बायसेप्सवरच जास्त वेळ घालवतात. जोडीला प्लँक आणि कठड्याला हात टेकवून तिरके दंड काढणे असते. घरी कठडा नसेल तर स्वयंपाकाचा ओटा त्यासाठी उत्तम, तो हलत नाही. खुर्चीची पाठ कलंडते. डंबेलऐवजी एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली घेतली की साधारण एक किलो होते.

जाहिरातींत हा व्यायाम ‘दंडाखालची चरबी’ घालवण्यासाठी सांगितला जातो. हा दावा टिकत नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 1971 मध्ये टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची तुलना केली, तेव्हा खेळणारा हात घेराने मोठा भरला, पण दोन्ही हातांवरच्या त्वचेखालील चरबीच्या जाडीत फरक आढळला नाही. चरबी संपूर्ण शरीरातून, आहार आणि एकूण हालचालीच्या हिशोबाने कमी होते. कोणता अवयव हलवला याच्याशी तिला देणेघेणे नसते. आखीव दंड दिसतो तो थोडा वाढलेला स्नायू आणि त्यावरची थोडी कमी झालेली चरबी यांमुळे. यातला पहिला भाग बार व्यायाम साधू शकतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील 2012 च्या एका प्रयोगात तरुणांनी कमाल क्षमतेच्या 30 टक्के वजनाने, पण पूर्ण थकेपर्यंत, दहा आठवडे व्यायाम केला. 80 टक्के वजन उचलणाऱ्यांइतकीच त्यांच्या मांडीच्या स्नायूंची वाढ झाली. मात्र जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद जड गटात अधिक वाढली. प्रयोग मांडीवरचा असला तरी दंडाच्या बाबतीत वेगळे घडेल असे मानायला कारण नाही. अट एकच : महिनोन्‌महिने तेच एक किलोचे डंबेल घेऊन बसायचे नाही. पंधरा-वीस फेऱ्या गप्पा मारत होऊ लागल्या की वजन वाढवावे. ‘जड उचलले तर हात पुरुषी होतील’ ही भीती निराधार आहे. तेवढा स्नायू वर्षानुवर्षांच्या जड व्यायामानंतरही बहुसंख्य स्त्रियांना येत नाही.

चुकांपैकी सर्रास दिसणारी म्हणजे थकवा आला की खांदे कानांकडे चढणे. मग काम डेल्टॉइडऐवजी मानेजवळचे स्नायू करतात आणि दुसऱ्या दिवशी मान आखडते. त्यासाठी शिक्षक ‘खांदे खाली’ असे सारखे बजावतात. हात खांद्याच्या उंचीपर्यंत असेपर्यंत ही सूचना योग्य आहे. हात डोक्यावर नेताना तिचा अतिरेक झाला तर मात्र ती घातक ठरते. हात पूर्ण वर जाण्यासाठी लागणाऱ्या 180 अंशांपैकी सुमारे 60 अंश खवाटा फिरल्यानेच मिळतात. तो जबरदस्तीने खाली दाबून धरला तर खांद्याच्या सांध्यातील कंडरा हाडांमध्ये चिमटतात. बाजूला हात उचलताना ते अगदी रेषेत न ठेवता थोडे पुढे, अंगठा वरच्या दिशेला ठेवून उचलले तर हा धोका कमी होतो. कोपर ताठ अडकवू नये, कंबर पोकळ करून वजन उचलू नये. स्थिर आकुंचनात रक्तदाब वाढतो, म्हणून श्वास रोखू नये. उच्च रक्तदाब असलेल्यांनी, तसेच खांदा जखडलेल्या मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

या पद्धतीची खरी उणीव अशी, की कठड्याच्या वर्गात ढकलणे आणि उचलणे भरपूर असते, ओढणे फार कमी. पाठीचा रुंद स्नायू आणि हाताची पकड त्यामुळे कच्ची राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करायला हवा. कमरेवरच्या भागापुरती ती अट केवळ बार व्यायामाने पुरी होत नाही. खांद्यांची चिकाटी, ताठ बसण्या-उभे राहण्याची सवय आणि नवशिक्याला पेलणारी सुरुवात यांसाठी तो चांगला आहे. ताकद हवी असणाऱ्याने त्याला रबरी पट्ट्याने ओढण्याची किंवा जड डंबेलच्या रोइंगची जोड द्यावी.