मोटारींचे शहर आणि बायकांचा आवाज

मोटारी घडवणाऱ्या शहरात गाणीही घडतात. पण ती कोणाच्या नावावर लागतात, हा प्रश्न विचारल्याशिवाय कष्टकऱ्यांच्या संस्कृतीचा इतिहास पुरा होत नाही.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे असे शहर. फोर्डच्या कारखान्यात मोटारी जोडण्याच्या लाईनवर राबलेल्या बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ साली तेथे ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली आणि कारखान्याचीच शिस्त गाण्याला लावली. १९६४ मध्ये ‘द सुप्रीम्स’ या संचाची ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ ही तबकडी निघाली. फ्लॉरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन, डायना रॉस या तिघी गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीतल्या मुली. या एका तबकडीतील तीन गाणी देशात पहिल्या क्रमांकावर गेली. ज्या गोऱ्या घरांत काळ्या माणसाला मागच्या दाराने यावे लागे, तेथे काळ्या मुलींचा आवाज दिवाणखान्यात पोचला. पण १९६७ मध्ये संचाच्या नावापुढे एकट्या डायना रॉसचे नाव लागले. संचाचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्सला त्याच वर्षी बाहेर काढले. पुढे तिच्यावर सरकारी मदतीवर जगण्याची पाळी आली. १९७६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी ती वारली.

पिंपरी-चिंचवड हेही मोटारींचेच शहर. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठीच्या दशकात टेल्को आली, पुढे हा पट्टा चाकणपर्यंत गेला. दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने गाव सोडलेली मराठवाड्यातली आमची माणसे येथे आली. बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्याही आल्या. पण पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी मुकी झाली. येथे तिची तबकडी काढायला कोणी गॉर्डी नव्हता.

शेजारच्या मुळशीच्या डोंगरात मात्र गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकात ओव्या टिपायला घेतल्या. संग्रह एक लाखाच्या वर गेला. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यात ध्वनिमुद्रित झाल्या. महत्त्वाचे हे, की ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदले गेले.

‘लोकगीत’ हा शब्द वरवर गौरवाचा वाटतो. परंतु त्याच्या आडोशाने गाणारी बाई निनावी होते. डेट्रॉइटमध्ये एकीच्या नावाखाली दोघी झाकल्या गेल्या. आपल्याकडे ‘लोक’ या नावाखाली हजारो. म्हणून वस्तीतल्या म्हातारीची ओवी उतरवून घेणाऱ्या कार्यकर्त्याने वहीत पहिल्या ओळीवर तिचे नाव लिहावे. ओवी त्याखाली.