मोट आमची, पाणी कुणाचे?

चिंचवड-चाकणच्या जुन्या शेतीचा विषय निघाला की विहीर, मोट आणि हिरव्या मळ्यांचे गोडवे सुरू होतात. आम्हाला त्या मोटेचा हिशेब मांडायचा आहे.

जुन्या महसुली दप्तरात बागायतीचे दोन प्रकार होते: पाटाच्या पाण्यावरची पाटस्थळ आणि मोटेच्या पाण्यावरची मोटस्थळ. ज्याची विहीर, त्याचा मळा. मळ्यावर त्याचीच वस्ती. आडनावांचे हे मळे या पट्ट्यात आजही सापडतात. आमची वस्ती मात्र गावकुसाबाहेरच राहिली.

ही मोट बनवली कोणी? मेलेले जनावर ओढले महारांनी, कातडे कमावले ढोरांनी, मोट शिवली चांभारांनी, नाडा वळला मांगांनी. त्या कातड्यातून उपसलेल्या पाण्यावर पिकलेले धान्य देवाच्या नैवेद्यालाही चालले. पण त्याच हातांनी पाणवठ्याला स्पर्श केला की पाणी बाटले! म्हणजे प्रश्न शुद्धतेचा नव्हता, हक्काचा होता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हाच हक्क बजावला.

पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला आणि आमच्या वाट्याला हाडकी-हाडोळा. १८७४ च्या वतन कायद्याने त्या तुकड्याच्या बदल्यात गावाची राबणूक कायम केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ उजाडल्यावर आला. तोवर भाऊबंदांत वाटून तुकड्यांचेही तुकडे झाले होते.

पुढे पवना धरण झाले, कारखाने आले. पाणी आणि मोबदला दोन्ही सातबारा पाहूनच घरात शिरले. ९ ऑगस्ट २०११ ला पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. त्यांचा लढा न्याय्यच होता. पण या वादाच्या दोनच बाजू सांगितल्या जातात, शेतकरी आणि शहर. ज्याचा सातबाराच नाही, तो कोणत्या बाजूला उभा राहणार?

दुसरी वाटणी शक्य आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरले: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि भूमिहीनालाही हिस्सा.

म्हणून मित्रांनो, पवना असो की भामा-आसखेड, पाणीवाटपाचा विषय निघेल तिथे ग्रामसभेत उठून पहिला प्रश्न विचारा: यात भूमिहीनाचा वाटा किती?

जय भीम!