सरासरी कोणाची? आईची की मुलांची?

१९५५ साली पुण्याच्या गोखले संस्थेने नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननमानाच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. एन. व्ही. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर हे त्याचे लेखक. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये दोन भाग झाले होते. त्यांतल्या दक्षिण साताऱ्यालाच १९६० पासून आपण सांगली जिल्हा म्हणतो.

अशा पाहणीत स्त्रीला विचारतात, ‘आजवर किती मुले झाली?’ उत्तरांची बेरीज करून भागाकार केला की सरासरी मिळते. पण नवविवाहिता आणि पंचेचाळिशी ओलांडलेली स्त्री एकाच बेरजेत आल्या, तर कुटुंबे आहेत त्याहून लहान भासतात. म्हणून वयोगट वेगळे ठेवावे लागतात.

तरीही एक प्रश्न उरतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशी ओलांडलेल्या दहा स्त्रियांची मुले अशी: ०, १, २, २, २, २, २, ३, ५, ६. एकूण मुले २५, म्हणून सरासरी २.५. मध्यक मात्र २ आणि बहुलकही २. (‘मीडियन’ हा शब्द गाल्टन यांनी १८८१ मध्ये वापरला, ‘मोड’ पिअर्सन यांनी १८९५ मध्ये.) उजवीकडच्या दोन मोठ्या कुटुंबांनी सरासरी आपल्याकडे ओढली आहे. वितरण कललेले आहे ते असे.

आता हाच प्रश्न या २५ मुलांना विचारू: ‘तुम्ही भावंडे किती?’ सहा जणांच्या घरातून ‘६’ हे उत्तर सहा वेळा येईल. मूल नसलेल्या घरातून एकदाही नाही. उत्तरांची बेरीज ९१, सरासरी ३.६४! दहांपैकी दोनच घरे मोठी, पण २५ पैकी ११ मुले तिथेच वाढतात. दोन्ही सरासरी बरोबर आहेत; प्रश्न फक्त वेगवेगळ्या लोकांना विचारला आहे.

याचे महत्त्व साताऱ्याने पाहिले आहे. बऱ्याच मुलींनंतर आणखी एक मुलगी झाली की तिला ‘नकोशी’ म्हणण्याची रीत या भागात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. ‘सर्वसाधारण घरात दोन मुले’ या वाक्यात या मुली कुठेच नसतात. तक्त्याच्या उजव्या टोकाला शोधले तरच त्या सापडतात.

वर्गात हा प्रयोग करताना उत्तरे नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावीत. सरासरी काढण्याआधी स्तंभालेख काढावा आणि विचारावे: या पाहणीत कोणती घरे आलीच नाहीत?