फतेह मैदानाची बचावफळी

हिमायतनगरातून निघून, लिबर्टीचा चौक ओलांडून बशीरबागेच्या दिशेने पायी चालू लागले, तर अर्ध्या तासाच्या आत माणूस ज्या मैदानापाशी पोहोचतो, त्याला आज लालबहादूर शास्त्री यांचे नाव असले तरी जुन्या हैदराबादकराच्या तोंडी ते अद्याप फतेह मैदानच आहे. आणि सातव्या निजामाच्या थोरल्या शहजाद्याच्या, हिमायत अली खानाच्या, नावाने वसलेल्या आमच्या या मोहल्ल्यापेक्षा त्या मैदानाचे नाव कितीतरी जुने आहे. 1687 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने गोवळकोंड्याला वेढा दिला, तेव्हा मोगलांची छावणी या बाजूला पडली होती आणि विजयानंतर त्या जागेला फतेहचे नाव पडले, अशी परंपरा आहे. तो विजय कसा मिळाला हे मात्र इतिहासाने स्वच्छ नोंदवून ठेवले आहे. आठ महिने तोफा डागूनही किल्ल्याचा तट हटला नाही. अखेर अब्दुल्ला खान पनी नावाच्या आतल्याच एका सरदाराने रात्रीच्या वेळी दरवाजा उघडून दिला, आणि जी तटबंदी बळाने पडली नव्हती ती सौद्याने पडली.

ज्या मैदानाच्या नावात असा प्रसंग दडलेला आहे, त्याच मैदानाच्या परिसरात पुढे अडीच शतकांनंतर भारतातील एका अत्यंत चिवट फुटबॉल संघाची जोपासना झाली, हा योगायोग मला फार दिवस विचार करायला लावीत आला आहे. अलीकडे प्रत्येक हंगामाच्या मध्यावर एकच प्रश्न चर्चेला येतो: अजिंक्यपदाच्या शर्यतीत असलेल्या संघाची बचावफळी कच्ची पडू लागली, तर चालू हंगामातच दुसऱ्या संघाकडून एखादा खंबीर बचावपटू, पैसा मोजून किंवा आपला एखादा खेळाडू देऊन, आणावा की नाही? अमेरिकेत अशी अदलाबदल हा रूढ व्यवहार आहे, आणि युरोपात जानेवारीतील बदलीची मुदत त्यासाठीच राखलेली असते. हैदराबादच्या फुटबॉलचा इतिहास जो कोणी मनापासून वाचील, त्याला या प्रश्नाचे उत्तर देताना घाई करवणार नाही.

हैदराबाद शहर पोलीस संघाची उभारणी 1939 च्या सुमारास झाली. त्याच्या पूर्वरूपाला सिटी अफगाण म्हणत. निजामाच्या संस्थानात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते, त्यामुळे औरंगाबादच्या किंवा परभणीच्या मनुष्याला हा संघ परक्या मुलखातला वाटण्याचे कारण नव्हते. 1956 च्या नोव्हेंबरात प्रांतरचना बदलेपर्यंत तो आपल्याच राजधानीचा संघ होता. 1943 मध्ये बंगळूरचा अ‍ॅश सुवर्णचषक त्याने जिंकला. पुढे 1948 च्या पोलीस कारवाईने संस्थान विलीन झाले, दफ्तरांवरील शिक्के बदलले, हुकूम काढणारे हात बदलले. परंतु खात्याच्या पगारावर राहून पहाटे कवायत करणारे आणि संध्याकाळी चेंडू खेळणारे हे शिपाई तेच राहिले. 1950 पासून 1954 पर्यंत, ओळीने पाच वर्षे, मुंबईच्या कूपरेज मैदानावरून रोव्हर्स चषक त्यांनी हैदराबादेस नेला. 1891 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत गोऱ्या पलटणींची सद्दी 1937 पर्यंत कोणाही हिंदी संघाला मोडता आली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या पाच वर्षांचे मोल कळते. 1950 चा ड्युरंड चषकही त्यांचाच: मोहनबागानशी पहिला सामना 2-2 असा बरोबरीत सुटला, आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात त्यांनी एका गोलाने जय मिळवला.

या यशाच्या मुळाशी एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 1909 चा. उस्मानिया विद्यापीठातून शिकून ते शिक्षक झाले, आणि आमच्या हिमायतनगरला लागून असलेल्या काचीगुड्याच्या मिडल स्कुलात त्यांनी मुले शिकवली. 1950 पासून अखेरपर्यंत पोलीस संघाची आणि भारतीय संघाची शिकवण त्यांच्याकडे होती, आणि दोन्ही ठिकाणी ते मास्तरच राहिले. लहान मुलांसाठी त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू पायात घोळवत नेण्यास मनाई असे. आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. काही स्पर्धांत केवळ कमजोर पायाने, म्हणजे उजव्या पायाच्या मुलाने डाव्यानेच, खेळायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटला असेल. परंतु पाचसहा वर्षे असा खेळ खेळलेली मुले एकत्र उभी राहिली, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या पायाची चाल आपल्या पायाइतकीच परिचित झालेली असे, आणि बचावाची खरी बांधणी या परिचयावरच होते, असे माझे मत आहे.

ही गोष्ट जवळून पाहिल्यावाचून पटत नाही. प्रतिपक्षाने उजव्या बगलेवरून चढाई केली की बगलेचा फुलबॅक पुढे सरून वाट अडवतो. त्याच क्षणी मधला स्टॉपर त्याच्या पाठीमागे, तिरका, चार पावलांवर येऊन उभा राहतो, जेणेकरून पहिला चकला तर दुसरा आहे. पलीकडचा फुलबॅक आपली बगल सोडून आत सरकतो, कारण उंच फेकलेला चेंडू त्याच्याच डोक्यावर उतरणार असतो. आणि या सर्वांच्या मागे गोलरक्षक एकच शब्द ओरडतो. ‘छोड़’ म्हटले की सोडायचे. तो शब्द ऐकून मान वळवण्यास, विचार करण्यास, शंका घेण्यास वेळ नसतो. चौघांपैकी एकाचे पाऊल हातभर मागे राहिले, तर प्रतिपक्षाचा पुढचा गडी ऑफसाइडच्या कचाट्यातून सुटतो आणि तिघांची सगळी शिस्त व्यर्थ जाते. आघाडीचा खेळाडू परका असला तरी स्वतःच्या अंगच्या कौशल्यावर पहिल्याच दिवशी गोल करून दाखवील. बचावातला परका मनुष्य मात्र, तो कितीही थोर असो, शेजाऱ्याचा विश्वास संपादन करीपर्यंत भिंतीतील भेगच असतो.

रहीमसाहेबांना हे फार कटू अनुभवातून कळले होते. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाल्यावर इंग्लंडने दोन बॅकांच्या जागी तिसरा, मधला, बॅक उभा केला. आपल्याकडे मात्र दोन बॅकांचीच जुनी रीत चालू राहिली. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले, आपल्याला एक करता आला. बरेचसे गडी अनवाणी खेळले होते, आणि लोकांनी पराभवाचे खापर थंडीवर आणि बुटांवर फोडले. रहीमांनी रचनेत हात घातला, आधी तीन बॅक आणि पुढे चार. मेलबर्न येथे 1956 साली ऑस्ट्रेलियाचा 4-2 असा पाडाव करून भारत चौथा आला, तो या परिश्रमानंतर. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा होता, परंतु संघात अर्ध्या डझनाहून अधिक गडी हैदराबादेत वाढलेले होते, आणि अझीझुद्दीन व नूर मोहम्मद ही पोलीस संघाची खंबीर नावे पाठच्या फळ्यांत होती. चार वर्षे. आठ दिवसांत घडवलेली ही गोष्ट नव्हती.

आता प्रतिपक्षाची बाजू. कलकत्त्याने बाहेरचे खेळाडू आणून मोठे यश मिळवले, आणि त्यांत हैदराबादेतून नेलेल्यांचा वाटा थोर आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुळशीदास बलराम 1957 मध्ये ईस्ट बंगालकडे गेला. लतीफ मोहमेडनकडे गेला. 1966 मध्ये हबीब आणि बचावपटू सय्यद नईमुद्दीन दोघेही ईस्ट बंगालने नेले. परंतु कलकत्त्याची पद्धत कशी होती, ते पाहावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीत बदलीच्या कागदावर सही होई. त्या सहीपूर्वी खेळाडू दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून क्लबांचे लोक त्यांना दिवसचे दिवस दडवून ठेवीत, इतकी चुरस असे. पण एकदा सही झाली, की वर्षभर मनुष्य त्याच संघाचा. नव्याने आलेला बचावपटू सबंध हंगाम, आणि बहुधा पुढचेही हंगाम, त्याच शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत असे. यात आणणाऱ्याला लाभ झाला, आणि तो रास्त होता. पोलीस शिपायाच्या तुटपुंज्या तनख्यावर कुटुंब चालवणाऱ्या मनुष्याने चांगल्या पैशाची हाक ऐकली, याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

मला खेद होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या भिंतीतून वीट काढली जाते, तिच्याविषयी कोणी लिहीत नाही. 1956 आणि 1957 अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष करंडक जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातून दर वसंतात एकेक गडी कलकत्त्याच्या गाडीत बसत राहिला, आणि पोलिसांची ती पाठची फळी, जिच्यातील माणसांना एकमेकांना हाक मारण्याचीही गरज उरली नव्हती, हळूहळू विरळ होत गेली. 1970 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले तेव्हा कर्णधार नईमुद्दीन होता. हैदराबादला त्याचा अभिमान वाटला, पण तो तेव्हा हैदराबादकडून खेळत नव्हता.

म्हणून शर्यतीत असलेल्या संघाच्या चालकाने मध्य-हंगामी सौद्याचा कागद पुढे ओढण्यापूर्वी आपल्याच पथकाकडे एकदा निरखून पाहावे, असे मला वाटते; आणि तसे पाहणे म्हणजे काय, याचा ज्याहून उत्तम दाखला माझ्या माहितीत नाही, तो जकार्ताचा.

1962 च्या आशियाई स्पर्धेसाठी भारताचा संघ ऑगस्टमध्ये जकार्ताला गेला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 असे हरवले. थायलंडला 4-1 असे नमवताना मधला आधारस्तंभ, स्टॉपर जर्नैलसिंग, डोक्याला जबर लागून रक्तबंबाळ झाला. टाके घालावे लागले, आणि जपानविरुद्धच्या सामन्यात त्याला बसावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज, हैदराबादेतच जन्मलेला उंचापुरा सैनिक, तापाने अंथरुणाला खिळला. ऐन मध्यावर संघाच्या बचावाला दोन ठिकाणी भगदाड पडले होते, आणि मदतीला आणायला तेथे कोणी नव्हते; जे होते ते बरोबर नेलेले गडी. शिवाय इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी सोंधी यांनी हरकत घेतल्यामुळे सारे शहर भारतावर खवळले होते. रहीमसाहेबांच्या फुप्फुसात कर्करोग घर करून बसला होता. पुढच्या वर्षीच्या 11 जूनला त्यांचे निधन झाले.

अशा वेळी साधा शिरस्ता काय सांगतो? टाके पडलेल्या स्टॉपरला बाहेर ठेवा, किंवा फारच निकड असेल तर त्याच्याच जागी खेळवा. रहीमांनी दोन्ही केले नाही. मधल्या बचावाचा भार त्यांनी अरुण घोषवर सोपवला, जो संघाच्या सवयी जाणत होता, आणि पट्टी बांधलेल्या जर्नैलसिंगाला सेंटर फॉरवर्ड म्हणून प्रतिपक्षाच्या गोलासमोर उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर 3-2 असा विजय मिळाला, त्यात चुनी गोस्वामीचे दोन आणि जर्नैलचा एक गोल होता. 4 सप्टेंबरला अंतिम सामना, पुन्हा कोरियाशी, सेनायानच्या मैदानावर, लाखाच्या आसपास प्रेक्षकांसमोर, आणि त्यांतले बहुतेक सारे भारताच्या विरोधात. तोपर्यंत गोलात प्रद्योत बर्मन उत्तम खेळला होता. तरीही कोरियाच्या उंच चेंडूंचा विचार करून तापातून उठलेल्या थंगराजला अंतिम सामन्यात उभे करण्यात आले.

17 व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, 20 व्या मिनिटाला जर्नैलसिंगाने दुसरा. त्यानंतर तासाहून अधिक काळ त्या मागच्या फळीने आघाडी सांभाळली. 85 व्या मिनिटाला कोरियाने एक गोल फेडला आणि सारे मैदान उठून उभे राहिले. उरलेल्या पाच मिनिटांत चेंडू पुन्हा पुन्हा उंचावरून आत आला, आणि थंगराजचे हात व अरुण घोषचे डोके यांनी तो पुन्हा पुन्हा बाहेर घालवला, शिट्टी होईपर्यंत.