दामरगिड्ड्याच्या माळावर, १८१५

तुम्ही भालकीचे असा की औरादचे, बीदरकडची तांबडी माती तुम्हाला सांगावी लागत नाही. साल मात्र १८१५ आहे. मुलूख निजाम सिकंदर जाहचा आहे आणि बीदरजवळ दामरगिड्ड्याच्या माळावर तंबूंची सरळ रांग लागली आहे. आत या.

लाकडी पेट्यांत शंभर फुटांची पोलादी साखळी ताणून ठेवली आहे. हात लावू नका. उष्णतेने पोलाद वाढते. म्हणून तर वर सावली आणि शेजारी तापमापक. तापमान टिपले की खलाशी साखळी उचलून पुढे नेतात. काही मैल असेच जायचे. भूमापक विल्यम लॅम्बटन प्रत्येक आकडा तपासतो आहे. कन्याकुमारीकडून डोंगर-गोपुरांवरून कोन घेत त्रिकोणांची माळ इथवर आली आहे. तिचा हिशेब खरा की खोटा, ते साखळीने मोजलेली ही रेषा ठरवणार.

रात्रीपर्यंत थांबा, खरी गंमत तेव्हाच आहे. डोक्यावरच्या बिंदूपासून तारा किती अंश दूर आहे, ते लॅम्बटन यंत्रातून मोजतो. दक्षिण टोकाजवळही त्याने असेच वेध घेतले होते. दोन्हीकडच्या वेधांत फरक येतो ९ अंश ५३ कलांचा, आणि जमिनीवर अंतर भरते सुमारे अकराशे किलोमीटर. मग ३६० अंशांना, म्हणजे पृथ्वीच्या पूर्ण परिघाला, किती?

त्रैराशिकच हे! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एरातोस्थेनिसने सावलीवरून तेच मांडले. आपल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धांतशिरोमणीत सांगितले: एकाच याम्योत्तर रेषेवरची दोन गावे घ्या, अक्षांशांतला फरक काढा, मधले अंतर मोजा. त्यांनी पृथ्वीचा परिघ दिला ४९६७ योजने. युक्ती जुनीच, लॅम्बटनने तिला पोलादाची काटेकोर मोजणी दिली. शिवाय त्याला आकारही हवा होता. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल, तर इथला एक अंश युरोपातल्या अंशापेक्षा आखूड भरायला हवा. तसा तो भरतो.

लॅम्बटन १८२३ मध्ये, मोजणी चालू असतानाच, हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने दामरगिड्ड्यापासून उत्तरेकडे काम नेले आणि १८३० मध्ये पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या मांडली: सुमारे ६३,७७,२७६ मीटर. आज उपग्रहांच्या मदतीने ठरलेली त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. फरक एक किलोमीटरही नाही.