पैनगंगेचे दोन तीर

बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणें हा बंजाऱ्यांचा पूर्वापार व्यवसाय. आगगाडीनें तो बुडविला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें फिरस्तेपणावरच संशय आणला. तो कायदा १९५२ सालीं गेला. सरकारी नोंदीची सत्ता मात्र गेली नाहीं. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. अलीकडचे बंजारे महाराष्ट्रांत विमुक्त जातींत मोडतात. पलीकडचे, आजच्या तेलंगणांतील, १९७६ च्या कायद्यानें अनुसूचित जमातींत आले. हा दर्जा स्थलांतराबरोबर परराज्यांत जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं ठरविलें. म्हणून दोन तीरांवर दिलेल्या सख्ख्या बहिणींचीं मुलें नोकरीच्या दारांत दोन निरनिराळ्या दर्जांचीं ठरतात. ज्यांच्या बैलांनीं मुलुखास मुलूख जोडला, त्यांच्याच घरांतून सीमा जावी, याचा विचार आम्हां सुशिक्षितांस केलाच पाहिजे.