युक्लेज : एका ठिसूळ रत्नाचे नामकरण

ब्राझीलमधील ओरू प्रेतू परिसरात पुष्कराजाच्या सोबतीने सापडणाऱ्या युक्लेज या दुर्मिळ खनिजाला स्फटिकशास्त्राचा पाया घालणारे फ्रेंच धर्मगुरू रेने-जुस्त आउई यांनी १७९२ मध्ये ‘सहज फुटणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले, आणि रत्नाचा दोषच त्याची ओळख ठरला. बेरिलियम व ॲल्युमिनियमच्या या सिलिकेटची कठिनता, म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, मोहस मापनावर ७.५, अर्थात गारेहूनही अधिक. तरीही त्याचे पाटन, म्हणजे ठरावीक प्रतलावर दुभंगण्याची प्रवृत्ती, एका दिशेने इतके परिपूर्ण असते की पैलू पाडताना फिरत्या चाकावर जरासा चुकीचा दाब पडला तरी फिकट निळा स्फटिक सपाट चिरतो. साहजिकच जवाहिऱ्यांपेक्षा संग्राहकांनीच त्याची अधिक कदर केली.